विमानाचे काळीज आणि कारागिराचा हात

मुंबईहून आगगाडीने वऱ्हाडात येणाऱ्या प्रवाशाने भुसावळ मागे टाकले, की पन्नासेक किलोमीटरांवर मलकापूर लागते. बुलढाणा जिल्ह्यातले हे आमचे गाव. गावाची ओळख कुणी विचारली तर जुनी माणसे दोनच गोष्टी सांगत : एक स्टेशन आणि दुसरी कापूस. तेव्हा दिवाळी अंकासाठी मी विमानाच्या इंजिनावर लिहायला घेतले आहे असे कळताच आमच्या घरातल्या मंडळींनी भुवया उंचावल्या. मलकापूरच्या माणसाने सरकीवर लिहावे, फार तर रुईच्या गाठींवर लिहावे. विमानाशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो रुळांवरून जातो. मलकापूरहून पश्चिमेला निघालात तर सुमारे तीनशे किलोमीटरांवर नाशिक रोड येते, आणि तेथून जवळच ओझर. लढाऊ विमाने बांधणारा कारखाना तेथे आहे. पूर्वेला निघालात तर साडेतीनशेच्या आत नागपूर येते. तेथेही आता विमानांची दुरुस्ती होते आणि त्यांचे भाग तयार होतात. ह्या दोन टोकांच्या जवळजवळ मध्यावर आमचे स्टेशन आहे. येथली मुले पाटीवरची अक्षरे संपली की ह्या किंवा त्या गाडीत बसतात. ती तेथे जाऊन काय शिकतात, त्यांना कोण शिकवतो, आणि ज्यांनी शिकवायचे त्यांना हे शिक्षण कुठून मिळाले, हा एक इतिहासच आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका तो रंगीत नसेल. पण आपल्या घरातल्या पोराबाळांचा भाकरतुकडा त्यात गुंतलेला आहे.

आरंभ आमच्या गावापासूनच करतो. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत गेला आणि १८६७ साली नागपूरला पोचला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. रुळांच्या पाठोपाठ जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. कारखाना म्हटला म्हणजे बॉयलर आला, पट्टे आले, पुढे तेलावर चालणारी इंजिने आली. आणि ती बिघडली की दुरुस्त करणारा मिस्त्री आला.

हा मिस्त्री कुठल्या शाळेत शिकला होता? बहुधा कुठल्याच नाही. तो दहाबारा वर्षांचा असताना कुणा उस्तादाच्या हाताखाली राहिला. दोन वर्षे त्याने नुसत्या चिंध्या आणि तेलाचे डबे उचलले. मग कानस हातात आली, मग छिन्नी, मग लेथ. माझ्या लहानपणी आमच्या आळीला असाच एक म्हातारा मिस्त्री होता. बोल्ट आवळताना घाम गाळणाऱ्या पोराला तो म्हणे, "बोल्टाले जोर नाई लागत बाप्पा, अंदाज लागते." हे वाक्य मी कधी विसरलो नाही. त्या एका शब्दात, 'अंदाजा'त, त्याचे चाळीस वर्षांचे शिक्षण साठवलेले होते. इंजिनाला कान लावून तो कुठली वाळसुरी झिजली आहे ते सांगे. पण 'का' असे विचारले तर त्याला उत्तर देता येत नसे, आणि त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर गेले. जुन्या उमेदवारीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही ह्यात आली.

कापसाच्या इंजिनाला हा अंदाज पुरत होता. विमानाच्या इंजिनाला तो पुरत नाही, एवढेच नव्हे तर तेथे अंदाज हा अपराध ठरतो. आणि तेथेच आपल्या कहाणीचा दुसरा अध्याय सुरू होतो.

ह्या अध्यायाचा नायक सोलापूरचा आहे. वालचंद हिराचंद हे नाव महाराष्ट्राला साखरेमुळे, जहाजांमुळे, मोटारींमुळे ठाऊक आहे. १८८२ साली जन्मलेल्या ह्या गृहस्थाला मोठी स्वप्ने पाहायची आणि ती पैशाने व चिकाटीने खरी करायची सवय होती. १९३९ साली, महायुद्ध नुकतेच पेटले असताना, एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली ह्या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये जमते ते हिंदुस्थानात का जमू नये, असा प्रश्न वालचंदांना पडला. म्हैसूर संस्थान भागीदार झाले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. पुढल्या वर्षी, १९४१ मध्ये, तेथे जुळवलेले पहिले छोटे विमान, हार्लो जातीचे, आकाशात उडाले.

जागा मिळाली, भांडवल मिळाले, अमेरिकेतून यंत्रे आणि तंत्रज्ञही आणता आले. पण विमान बांधलेले हात देशात जवळजवळ नव्हतेच. तेव्हा कारखाना चालवायचा म्हणजे तो आधी शाळेसारखा चालवावा लागला. परदेशी तंत्रज्ञ शेजारी उभा राहून दाखवी आणि आपला माणूस पाहून करी. वालचंदांचा वाटा पुढे फार काळ राहिला नाही. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार भागीदार झाले, १९४२ मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकन वायुदलाने तेथे विमानांच्या आणि इंजिनांच्या दुरुस्तीचे मोठे ठाणे चालवले. मालक बदलत गेले, पण शिकलेला हात तेथेच राहिला. लढाईतून आलेले इंजिन सुटे करायचे, एकेक भाग धुवायचा, मोजायचा, झिजलेला काढून टाकायचा आणि पुन्हा जुळवायचे, ह्या कामात आपल्या कामगारांची एक अख्खी पिढी तयार झाली.

युद्धाने आणखी दोन शाळा उघडल्या. १९४० पासून सरकारने युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी कारागीर तयार करण्याची योजना आखली. आणि १९४१ पासून ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन ह्यांच्या पुढाकाराने तरुण हिंदी कामगारांच्या तुकड्या विलायतेला जाऊ लागल्या. काही काळ प्रशिक्षण केंद्रात आणि मग प्रत्यक्ष कारखान्यात, असा त्यांचा क्रम असे. तोपर्यंत विलायतेला जायचे ते बॅरिस्टर व्हायला किंवा आय.सी.एस. व्हायला. कानस चालवायला शिकण्यासाठी सरकारी खर्चाने बोटीत बसलेला हिंदी तरुण ही नवीनच गोष्ट होती.

पण नुसते हात शिकवून भागत नाही. हाताला 'का' सांगणारे डोकेही लागते. येथे आणखी एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. कोल्हापूर भागातल्या गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावी १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गटिंगन येथे लुडविग प्रांड्ट्ल ह्या थोर शास्त्रज्ञाचे शिष्य होते. ते परत आले आणि बंगलोरच्या ह्या नव्या कारखान्याला मिळाले. १९४२ साली तेथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडेच आली. एकाच गावात कारखाना आणि विद्यापीठ, आणि दोहोंमध्ये ये-जा करणारा एकच माणूस! आज ज्याला उद्योग आणि शिक्षण ह्यांची भागीदारी असे भारदस्त नाव देतात, ती आपल्याकडे विमानविद्येत अशी सुरू झाली. १९५१ साली घाटगे ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेले एच.टी. २ हे शिक्षण-विमान उडाले. सर्वस्वी आपल्या आराखड्याचे विमान म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

मात्र एक गोष्ट त्या कौतुकात झाकली गेली. त्या विमानाचा देह आपला होता, पण त्याचे इंजिन, सिरस मेजर, इंग्लंडचे होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून इंजिनाकडे पाहू या, म्हणजे ह्या एका ओळीचे महत्त्व ध्यानात येईल. विमानाचा सांगाडा हा शेवटी पत्र्याचा आणि रिबिटांचा संसार. तो सोपा असतो असे नाही, पण त्याचे गणित बरेचसे कागदावर सुटते. जेट इंजिनाचे तसे नाही. पुढून शिरलेली हवा पात्यांच्या ओळीमागून ओळी दाबत नेतात. त्या दाबलेल्या हवेत तेल जळते. आणि धगधगते वायू बाहेर पडताना मागच्या चाकाची पाती फिरवतात. ही मागची पाती लालबुंद होण्याइतक्या उष्णतेत, मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. फिरण्याच्या जोराने प्रत्येक पाते जणू मुळातून उपटले जात असते. पात्याचे टोक आणि भोवतीचे कवच ह्यांत केसाइतकी फट ठेवावी लागते. फट वाढली तर शक्ती वाया जाते, नाहीशी झाली तर पाते घासून तुटते. असे एक पाते ओतायचे, घासायचे, तपासायचे म्हणजे धातुशास्त्रज्ञ, ओतारी, यंत्रकामगार आणि तपासनीस ह्या चौघांचे हात एका मेळात चालावे लागतात.

म्हणून आमच्या मिस्त्रीचा अंदाज येथे कामाचा नाही. बोल्ट किती आवळायचा ते पान्यावरचा आकडा सांगतो. आवळल्यावर तो सुटू नये म्हणून तारेने बांधायचा, आणि ती तारसुद्धा ठरलेल्या दिशेनेच पिळायची. प्रत्येक महत्त्वाच्या भागाला क्रमांक, प्रत्येक कामावर सही. पाळी संपताना हत्यारे मोजायची आणि एखादा स्क्रूड्रायव्हर कमी भरला तर तो सापडेपर्यंत इंजिन पुढे जाऊ द्यायचे नाही. हे शिक्षण नुसते हाताचे नव्हे, ते वृत्तीचे आहे. आणि वृत्ती पुस्तकातून येत नाही. ती चांगल्या माणसाच्या शेजारी चारपाच वर्षे उभे राहिल्यावर येते.

बंगलोरला १९५७ साली इंजिनांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. ब्रिस्टल सिडले ह्या इंग्रज कंपनीच्या परवान्याखाली ऑर्फियस हे जेट इंजिन तेथे बनू लागले. १७ जून १९६१ रोजी जर्मन अभियंते कुर्ट टँक ह्यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेले मरुत हे लढाऊ विमान उडाले, तेही ऑर्फियसच्याच बळावर. मरुतचा देह ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्यासाठी आखलेला होता. पण तेवढ्या ताकदीचे इंजिन त्याला कधी लाभले नाही. इंग्लंडमधले अधिक जोरकस इंजिन पुरे करण्यासाठी पैसे घालावे लागणार होते. ते आपण घातले नाहीत. उत्तम देहाचे विमान अपुऱ्या काळजावर आपले आयुष्य कंठून गेले.

ह्याच सुमारास कामगारांच्या शिक्षणाची घडी देशभर बसत होती. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी आणि पुढे फाळणीत उखडलेल्या निर्वासितांसाठी जे प्रशिक्षणवर्ग निघाले होते, त्यांच्याच पायावर १९५० साली कारागीर-प्रशिक्षणाची योजना उभी राहिली. आज आपण आय.टी.आय. म्हणतो त्या संस्था ह्यातून वाढल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि कारखान्यांनी उमेदवार घ्यावेत, त्यांना विद्यावेतन द्यावे, ठरलेला अभ्यासक्रम पुरा करावा, असे बंधन आले. उस्ताद आणि चेला ह्यांचे जुने नाते कायद्याच्या चौकटीत आले. उस्तादाला आता 'का' सांगावे लागणार होते, आणि चेल्याला दोन वर्षे तेलाचे डबे उचलण्यातून सुटका मिळणार होती.

१९६२ साली मिग विमानांसाठी रशियाशी करार झाला आणि त्याच वर्षीच्या चिनी आक्रमणाने त्या कामाला तातडी आली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. कामाची वाटणी ठरली ती अशी : विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुट जिल्ह्यात सुनाबेडा येथे, आणि विजेची नाजूक उपकरणे हैदराबादला. १९६४ साली १ ऑक्टोबरला जुन्या आणि नव्या कंपन्या एक होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. ओझर ही द्राक्षांची भूमी, सुनाबेडा आदिवासी मुलखातले डोंगरी ठिकाण. रशियन तंत्रज्ञ येथे आले, आपली माणसे रशियात गेली, आणि ज्यांच्या घरात कधी लेथ आली नव्हती ती मुले जेटयुगात शिरली.

मलकापूरच्या मुलांना ओझर ठाऊक झाले ते अशाच दिवसांत. आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा जळगावकडे आय.टी.आय.ची फिटरची परीक्षा देऊन शिकाऊ उमेदवार म्हणून तिकडे गेला. सुट्टीत आला की त्याच्या बोलण्यात एक फरक जाणवे. बाप जिनिंगमध्ये मिस्त्री, हाताचा मोठा वाकबगार. मुलगा घरातली सायकल दुरुस्त करतानासुद्धा काढलेले नट वर्तमानपत्रावर ओळीने मांडी आणि शेवटी मोजी. बाप हसे. पण एकदा बाप आपल्या शेजाऱ्याला म्हणाला, "मी चाळीस वर्षांत जे शिकलो ते याले चार वर्षांत येते, अन् वरतून हा ते लिहून ठेवते." त्या बोलण्यात अभिमान होता आणि किंचित हुरहूरही होती. ओझरला बांधलेल्या मिग विमानांत सुनाबेड्याची इंजिने बसत. ती विमाने साठ वर्षांच्या आसपास देशाच्या सेवेत राहिली आणि शेवटचे मिग २१ जातीचे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. ओझरला मात्र काम थांबले नाही. मिगच्या मागून सुखोई आले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेले पहिले तेजस मार्क १ ए उडाले.

आता पुन्हा तोच प्रश्न विचारू या. तेजसचा देह आपला, काळीज कुणाचे? ते अमेरिकेचे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे. त्यासाठी कावेरी नावाचे स्वदेशी इंजिन १९८९ पासून बंगलोरला घडवले जात होते. पण अपेक्षित जोर आणि वजन साधले नाही आणि २००८ मध्ये तेजसपासून ते वेगळे करण्यात आले. एच.टी. २, मरुत, तेजस : सत्तर वर्षांत तीन विमाने आणि तिन्ही वेळा कहाणी एकच. ह्यावरून कुणी आपल्या शास्त्रज्ञांना नावे ठेवील, तर ते अन्यायाचे होईल. इंजिन बनवणारे देश जगात मोजकेच आहेत, आणि त्यांच्यापाशी पिढ्यानुपिढ्या एकाच कामात मुरलेले कारागीर, ओतशाळा आणि चाचणीगृहे आहेत. परवान्याबरोबर आराखडा मिळतो, यंत्रही मिळते. पाते ओतताना धातू कुठे दगा देतो हे ज्या हाताला ठाऊक आहे तो हात पेटीत बसवून धाडता येत नाही. तो आपल्याच घरी वाढवावा लागतो.

सुदैवाने वाढवण्याची साधने आता आमच्या रुळांच्या दोन्ही टोकांना आली आहेत. पुण्याजवळ चाकणला जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना २०१५ साली सुरू झाला आणि जगभरच्या प्रवासी विमानांच्या इंजिनांचे भाग तेथे आपली मुले-मुली तयार करतात. नागपूरला त्याच वर्षी बोइंगने बांधलेला दुरुस्ती-कारखाना एअर इंडियाकडे आला. पुढे फ्रान्सच्या दासो कंपनीने नागपूरच्या शासकीय आय.टी.आय.मध्ये विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा खास अभ्यासक्रम सुरू करून दिला. तेजसच्या पुढच्या पिढीसाठी एफ ४१४ हे इंजिन येथेच बनवण्याचा मनोदय २०२३ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि जनरल इलेक्ट्रिक ह्यांनी जाहीर केला.

ह्या सगळ्याचा आनंद मानूनही मला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. भागीदारी म्हणजे कागदावर दोन सह्या आणि भिंतीवर एक फलक नव्हे. १९४२ मध्ये बंगलोरला जे घडले त्यात शिकवणारा माणूस स्वतः कारखान्यात काम करीत होता. आज तालुक्याच्या गावी आय.टी.आय. आहेत, आणि त्यांतून दरवर्षी मुले बाहेर पडतात. पण ज्या निदेशकाने इंजिनाची चाचणी कधी पाहिली नाही त्याने ती मुलांना कशी समजावून सांगावी? ज्या मुलाने जुन्या लेथवर शिकून प्रमाणपत्र घेतले त्याला कारखाना पुन्हा पहिल्यापासून शिकवतो, किंवा घेतच नाही. निदेशकाने दर दोनचार वर्षांनी काही महिने कारखान्यात काढावेत, आणि कारखान्यातल्या निवृत्त कारागिराला शाळेत सन्मानाने बोलवावे. ओझर आणि सुनाबेडा येथून निवृत्त झालेली कितीतरी माणसे आज आपापल्या गावी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत आहेत. आमच्या आळीतल्या मिस्त्रीचा अंदाज त्याच्याबरोबर गेला, कारण तो कुणी लिहून घेतला नाही. ह्यांचे ज्ञान लिहिलेले आहे, मोजलेले आहे. ते वाया जाऊ देणे हा नुसता करंटेपणा होईल.

आईबापांशीही दोन शब्द बोलतो. दिवाळीत घर भरलेले असते, मुलांच्या पुढल्या शिक्षणाच्या गोष्टी फराळाबरोबर निघतातच. त्यात एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणाली, की मला यंत्रे सुटी करून पाहायला आवडतात, तर 'मिस्त्री व्हायचंय का?' म्हणून तिला हिणवू नका. वालचंदांकडे भांडवल होते आणि घाटग्यांकडे विद्या होती. पण त्या दोघांचेही काम अखेर कुणाच्या तरी तेलकट हातांनीच उभे राहिले. एखाद्या दिवशी आपल्या विमानात आपलेच काळीज धडधडेल, तेव्हा त्याच्या एखाद्या पात्याच्या नोंदवहीत एखादी सही मलकापूरच्या मुलीची असेल. ती सही कुणी वाचणार नाही. पण विमान तिच्याच भरवशावर उडेल.